बाटलीवरचा त्रिकोण आणि उंदराचे वागणे

मृगाच्या पावसावर कपाशी आणि सोयाबीन उगवून आले की मराठवाड्यातल्या प्रत्येक मोंढ्यात फवारणीच्या औषधांची खरेदी सुरू होते. यातली कोणतीही बाटली हातात घेतली, तर तिच्या लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो आणि औषध किती जहाल आहे याचा अंदाज बहुतेक शेतकरी त्या रंगावरूनच बांधतात. हा रंग उंदरांवरून ठरलेला आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे, तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा त्रिकोण छापावा लागतो. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी आकडे वेगळे आहेत, पण पद्धत तीच आहे. प्रयोगातले हे प्राणी म्हणजे मुख्यतः उंदीर.

निम्मे प्राणी मारणाऱ्या या मात्रेला ‘एलडी ५०’ म्हणतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी हे माप १९२७ मध्ये मांडले, तेव्हा डिजिटॅलिस किंवा इन्सुलिन यांसारख्या औषधांच्या एका खेपेची ताकद दुसऱ्या खेपेशी ताडून पाहता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या कामासाठी ते चोख होते. परंतु मरण्यापूर्वी प्राण्याचे काय झाले आणि जे प्राणी मेले नाहीत ते पुढे कसे वागले, याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. क्लोरपायरिफॉसची एलडी ५० सुमारे १३५ मिलिग्रॅम आणि इमिडाक्लोप्रिडची सुमारे ४५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे मूळ रसायन म्हणून दोन्ही पिवळ्या रंगातच बसतात. तरीही मज्जासंस्थेत ती दोन अगदी वेगळ्या ठिकाणी घाव घालतात आणि त्यांनी बाधलेला उंदीर वेगवेगळी लक्षणे दाखवतो. माझ्या मते फवारणी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्रिकोणापेक्षा ही लक्षणे अधिक मोलाची आहेत, कारण मृत्यूच्या कितीतरी आधी, आणि मृत्यू मुळीच ओढवणार नाही अशा मात्रेतही, मज्जासंस्था बिघडू लागल्याची पहिली खबर वागण्यातून मिळते.

फटीतली कोंडी

एक मज्जापेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते तेव्हा विजेचा संकेत सहसा थेट पलीकडे जात नाही. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडण्यासाठी पहिली पेशी एक रसायन सोडते. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर केलेल्या प्रयोगाने हे सिद्ध झाले. पहिल्या हृदयाकडे जाणारी मज्जा उत्तेजित केल्यावर त्याचे ठोके मंदावले, आणि त्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायू आखडणे, लाळ सुटणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, तसेच मेंदूत लक्ष देणे आणि लक्षात ठेवणे, ही सर्व कामे ॲसिटिलकोलिनवर अवलंबून असतात.

निरोप पोहोचल्यावर हे रसायन फटीतून ताबडतोब हटावे लागते. ते काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एन्झाईम करते आणि त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन रेणू फोडतो. सुगीच्या दिवसांत मोंढ्यात गाड्यांमागून गाड्या येत असताना हमालांनी पोती उचलणे थांबवले तर आडतीसमोर जी कोंडी होईल, तशीच कोंडी हे एन्झाईम बंद पडल्यावर त्या फटीत होते. माल येत राहतो, पण जागा मोकळी होत नाही, आणि पलीकडच्या पेशीवर निरोपांचा मारा थांबत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गातली रसायने नेमके हेच एन्झाईम बंद पाडतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही कपाशीच्या पट्ट्यात घरोघरी माहीत असलेली नावे याच वर्गातली. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे नवी कीटकनाशके शोधत असताना या वर्गातला ‘टॅबुन’ हा पदार्थ हाती लागला आणि तो पुढे युद्धातल्या विषारी वायूंमध्ये गणला गेला. किडीला मारणारे रसायन आणि माणसाला मारणारे रसायन यांच्यात इथे प्रकाराचा फरक नाही, कारण किडीत, उंदरात आणि माणसात हे एन्झाईम जवळजवळ एकाच रीतीने काम करते. फरक पडतो तो मात्रेचा आणि शरीर त्या रसायनाचे काय करते याचा. क्लोरपायरिफॉस स्वतः या एन्झाईमला फारसे काही करत नाही. यकृतात त्याचे रूपांतर ‘ऑक्सॉन’ नावाच्या पदार्थात होते आणि खरा घाव तो घालतो. त्यामुळे विष अंगात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत वेळ जाऊ शकतो आणि फवारणी संपवून घरी परतलेल्या माणसाला आपण सुटलो असे वाटू शकते.

बाधा झालेला उंदीर जवळून पाहिला तर काय दिसते? आधी तो काही खात नसतानाही तोंड चघळल्यासारखे हलवू लागतो. मग हनुवटीखालची लव लाळेने ओली होते. डोळ्यांच्या कडांना लालसर पाणी जमते, ते रक्तासारखे दिसते, पण रक्त नसते. उंदराच्या डोळ्यामागे एक खास ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे लाल रंगद्रव्य असते आणि ॲसिटिलकोलिनचा मारा वाढला की ती ग्रंथी पाझरू लागते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. कातडीखाली स्नायू बारीक बारीक फडफडतात, मागचे पाय फाकतात, शरीराचे तापमान उतरते आणि एरवी सतत हुंगत फिरणारा प्राणी एका कोपऱ्यात बसून राहतो. मात्रा याहून जास्त असेल तर थरथर, झटके, आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू व मेंदूतले श्वासाचे केंद्र दोन्ही निकामी होऊन मृत्यू. लाल आसवे सोडली तर ही सर्व लक्षणे माणसातही दिसतात. विषबाधेच्या रुग्णाला ॲट्रोपिन देतात ते याच कोंडीवरचा उपाय म्हणून. ते लाळ, घाम, छातीतला स्राव आणि मंदावलेले हृदय यांच्यावर काम करते, पण स्नायूंमधली फडफड थांबवत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे वेगळे औषध असते आणि विष एन्झाईमला कायमचे चिकटून बसण्याआधी ते पोहोचले तरच त्याचा उपयोग होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. मेंदूतले एन्झाईम साधारण निम्मे निकामी होईपर्यंत उंदीर वरवर ठीकठाक दिसू शकतो. विष थोडे थोडे आणि वारंवार जात राहिले तर चित्र आणखी फसवे होते, कारण सततच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी पेशी आपल्या पृष्ठभागावरचे निरोप घेणारे रेणू कमी करते. उंदीर पुन्हा नेहमीसारखा खातो, फिरतो, धावतो. क्लोरपायरिफॉसचा एकच मोठा डोस कातडीखाली टोचलेल्या उंदरांमध्ये एन्झाईम कित्येक आठवडे दबलेले राहते, वागणे मात्र त्याआधीच सुधारते. हे सुधारणे किती तकलादू आहे हे पाहण्यासाठी संशोधक त्यांना स्कोपोलामीन देतात. हे धोतऱ्यात सापडणारे रसायन आहे आणि ते ॲसिटिलकोलिनचा निरोप अडवते. धडधाकट उंदराला ज्या मात्रेने फारसा त्रास होत नाही, तेवढ्याने या उंदरांची आठवण ढासळते. दरसाल फवारणी करणारा गडी ‘मला आता सवय झाली, मला काही होत नाही’ असे म्हणतो, तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो आणि काळजी वाटते.

दुसरा मोठा वर्ग पायरेथ्रॉइड औषधांचा, ज्यांचा मूळ नमुना शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून मिळाला. ती ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जात नाहीत. मज्जापेशीत संकेत पुढे सरकण्यासाठी सोडियमची जी सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात, ती ही औषधे उघडीच धरून ठेवतात. १९८० मध्ये व्हर्शॉयल आणि आल्ड्रिज या संशोधकांनी उंदरांची निव्वळ लक्षणे पाहून या वर्गाचे दोन गट पाडले. पहिल्या गटातील औषधांनी उंदीर बिथरतो, किंचित आवाजानेही दचकतो आणि मग सर्वांगाने थरथरू लागतो. डासांच्या वड्यांत वापरले जाणारे ॲलेथ्रिन याच गटातले. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांच्या गटात मात्र उंदीर पुढच्या पंजांनी जमीन उकरल्यासारखे करतो, लाळेने माखतो आणि त्याचे अंग सापासारखे वळवळू लागते. रसायनांच्या रचनेकडे पाहिले तेव्हा दुसऱ्या गटात सायनो हा घटक जास्तीचा आढळला. रेणूतला एवढासा फरक सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे दिसला तो उंदराच्या वागण्यात. सायपरमेथ्रिन फवारताना तोंडावर मुंग्या येतात किंवा चुरचुरते, अशी तक्रार मजूर करतात, ती कातडीतल्या मज्जातंतूंच्या याच उघड्या राहिलेल्या दारांमुळे असते.

इमिडाक्लोप्रिडचा वर्ग तिसरा. तो ॲसिटिलकोलिनचा निरोप घेणाऱ्या, म्हणजे ग्राही, रेणूंवर बसतो, पण सस्तन प्राण्यांपेक्षा किडींच्या ग्राहींना अधिक घट्ट चिकटतो, म्हणून त्याचा आकडा वर आहे.

आमिष ओळखणारा उंदीर

आतापर्यंतचा उंदीर प्रयोगशाळेतला होता. शेतातला उंदीर हा रसायन आणि वागणे यांच्या नात्याचा त्याहून सुंदर नमुना आहे, आणि तो मराठवाड्यातल्या प्रत्येक आखाड्यावर पाहायला मिळतो. हरभरा किंवा गहू भरात आला की बिळांशी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवतात. गडद राखाडी रंगाची, लसणासारख्या वासाची ही पूड पोटातल्या आम्लात विरघळली की फॉस्फीन वायू सुटतो आणि पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पडते. म्हणजे हे मुळात मज्जासंस्थेचे विष नव्हे. तरीही विषारी आमिष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस तेच भरड धान्य तेल लावून, पण विष न घालता ठेवावे, असा सल्ला कृषी विभाग देतो, आणि त्यामागचे कारण पूर्णपणे उंदराच्या मज्जासंस्थेत आहे.

उंदीर नवा पदार्थ पाहिला की आधी बिचकतो, मग अगदी थोडा चाखतो आणि थांबतो. तेवढ्या अल्प घासाने तो मेला नाही, नुसते पोटात मळमळले, तर तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पाया दाखवून दिला. सॅकरिनचे गोड पाणी पीत असताना ज्या उंदरांवर गॅमा किरणांचा मारा झाला, त्या उंदरांनी पुढे ते गोड पाणीच टाळले. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी आणखी एक पाऊल टाकले. उंदीर पाणी पिताना एकाच वेळी चव, प्रकाश आणि आवाज यांचा अनुभव घेतील अशी व्यवस्था त्यांनी केली. ज्यांना नंतर मळमळ झाली त्यांनी चव टाळली आणि ज्यांना विजेचा झटका बसला त्यांनी प्रकाश व आवाज टाळला. कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीशी सारख्याच सहजतेने जोडता येते, ही त्या काळची पक्की समजूत या प्रयोगाने मोडली. चव आणि आजारपण यांच्यामध्ये कित्येक तास गेले तरी उंदीर ती गाठ बांधतो, हेही पुढे दिसून आले.

ही गाठ बांधण्याची सुरुवात मेंदूच्या देठाशी होते. मेंदूला रक्तातल्या पदार्थांपासून राखणारी आडभिंत तिथल्या एका छोट्याशा भागात सैल असते, त्यामुळे रक्तात आलेले विष तिथल्या पेशींना थेट कळते. जिभेकडून येणारी चवीची वार्ता त्याच्या अगदी शेजारच्या केंद्रात उतरते. दोन्ही वार्ता पुढे मेंदूच्या वरच्या भागांत एकत्र येतात आणि ही चव म्हणजे धोका, अशी नोंद होते. प्रयोगात हा छोटा भाग काढून टाकला, तर लिथियम क्लोराईड देऊन आजारी पाडलेला उंदीरही ती चव टाळायला शिकत नाही. एवढी काटेकोर यंत्रणा उंदराला का लागावी, याचे एक कारण असे की उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याची सोय नसल्यामुळे ते आत न जाऊ देणे हाच त्याचा मार्ग. मळमळ झालेला उंदीर माती खातो आणि म्हणून कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ मोजायची असेल तर संशोधक उंदराने किती शाडू खाल्ला हे तोलून पाहतात.

एक उंदीर मेला की बाकीचे सावध होतात, असे गावोगावी मानले जाते. प्रयोगशाळेत मात्र असे आढळले नाही. कॅनडातील बेनेट गेलेफ यांनी दाखवले की उंदीर दुसऱ्या उंदराच्या श्वासाचा वास घेऊन त्याने काय खाल्ले ते ओळखतो आणि तेच खाणे पसंत करतो. श्वासातला कार्बन डायसल्फाईड हा वायू त्या वासाला जणू खात्रीचा शिक्का देतो. विशेष म्हणजे तो दुसरा उंदीर आजारी असला तरीही ही पसंती टिकते. त्यामुळे आमिषाचा धसका बसतो तो सोबत्याच्या मरणाने नव्हे, तर प्रत्येक उंदराच्या स्वतःच्या अनुभवाने. विष नसलेल्या आमिषाने ओळख करून दिली की उंदीर विषारी दिवशी पोटभर खातो आणि अपुऱ्या घासावर शहाणा होऊन परत जाणारे थोडेच उरतात. ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के आमिषाला हा प्रश्न फारसा येत नाही, कारण ते रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी जाणवतो, तोपर्यंत त्या चवीशी आजाराची गाठ बांधायला उंदराच्या मेंदूला वाव राहत नाही.

वागणे मोजायचे कसे

‘उंदीर सुस्त झाला’ असे लिहून भागत नाही, त्याचा आकडा लागतो. पहिली पायरी निरीक्षणाची: पिंजऱ्यात उंदीर कसा बसतो, हातात घेतल्यावर प्रतिकार करतो का, चाल कशी आहे, पकड किती घट्ट आहे, उताणा केल्यावर लगेच पालथा होतो का, हे सर्व ठरलेल्या क्रमाने नोंदतात. नोंद घेणाऱ्याला कोणत्या उंदराला काय दिले हे माहीत नसावे, ही यातली सर्वांत महत्त्वाची अट. त्यानंतर विशिष्ट चाचण्या येतात. फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो यावरून तोल कळतो. जमिनीपासून उंच ठेवलेल्या, अधिक चिन्हाच्या आकाराच्या फळीवर दोन भुजांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. घाबरलेला उंदीर भिंतीआड राहतो आणि भीती कमी करणारे डायझेपाम हे औषध दिलेला उंदीर उघड्या भुजांवर अधिक वेळ काढतो.

स्मरणशक्तीसाठी सर्वांत प्रसिद्ध चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली. मोठ्या गोल हौदात दूध घालून गढूळ केलेले पाणी असते आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली कुठेतरी एक छोटा चौथरा लपवलेला असतो. पाण्यात सोडलेला उंदीर सुरुवातीला कडेकडेने घिरट्या घालतो, योगायोगाने चौथरा सापडला की त्यावर चढून मान उंचावून खोलीभर पाहतो. भिंतीवरचे चित्र, दार, दिवा यांच्या आधाराने जागा लक्षात ठेवतो आणि काही दिवसांत हौदात कुठूनही सोडला तरी सरळ रेषेत पोहत तिथे जातो. शेवटी चौथरा काढून घेतात. ज्याला जागा आठवते तो उंदीर तिथेच फिरफिरून शोधत राहतो. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग इजा पावलेला उंदीर असे करत नाही.

या चाचणीतला खड्डा उघड आहे, पण बातम्यांमध्ये तो नेहमी झाकला जातो. रसायन दिलेल्या उंदराला चौथरा गाठायला जास्त वेळ लागला, तर त्याची आठवण गेली असेल, किंवा त्याचे स्नायू दुबळे झाले असतील, त्याला नीट दिसत नसेल, किंवा तो गारठला असेल. म्हणून पोहण्याचा वेग वेगळा मोजावा लागतो आणि चौथरा पाण्याबाहेर दिसेल असा ठेवूनही चाचणी घ्यावी लागते. तेव्हाही तो चाचपडत असेल तर दोष आठवणीचा नव्हे. ऑर्गॅनोफॉस्फेटने स्नायू, डोळे, तापमान आणि मेंदू या चारही गोष्टी बिघडत असल्यामुळे या वर्गाच्या बाबतीत ही खबरदारी न घेतलेला निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या चाचण्या परिचित आहेत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊनच असे प्रयोग करता येतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांच्या अर्कांवर असे पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि त्यांतला नेहमीचा आराखडा असा की उंदराला स्कोपोलामीन देऊन काही तासांपुरती विस्मृती आणायची आणि अर्काने ती कमी होते का हे पाहायचे. ती कमी झाली, तर अर्काने त्या विस्मृतीला काही अंशी अडवले, इतकेच सिद्ध होते. परीक्षेला बसलेल्या निरोगी मुलाची स्मरणशक्ती त्याने वाढेल, हे त्यातून निघत नाही. शिवाय मात्रेचा हिशेब असतो. उंदराची किलोमागची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात तिला सुमारे ६.२ ने भागतात. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिले असतील, तर ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम रोज लागतील. जाहिरातीतली गोळी याच्या किती जवळ जाते, हे लेबल वाचून कोणालाही पाहता येते.

चाचणीची जागाही उत्तरात मिसळते. १९९९ मध्ये जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी माऊसचे, म्हणजे लहान जातीच्या उंदरांचे, तेच वाण अल्बानी, पोर्टलंड आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांत, तीच उपकरणे आणि तेच वेळापत्रक ठेवून तपासले, तरी काही चाचण्यांचे निकाल जागेप्रमाणे बदलले. उंदीर रात्री जागणारा प्राणी आहे आणि आपण त्याला दिवसा तपासतो, हेही विसरता येत नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांना क्लोरपायरिफॉस अगदी कमी मात्रेत, किलोमागे १ मिलिग्रॅम, काही दिवस टोचले. पिले मेली नाहीत, वरवर आजारीही दिसली नाहीत. मोठी झाल्यावर मात्र चक्रव्यूहासारख्या चाचणीत त्यांच्या शिकण्यात फरक आढळला, आणि तो नर आणि मादी यांच्यात वेगवेगळा होता. टोचण्याची वाट वेगळी आणि पिलांची विष पचवण्याची ताकद कमी, हे लक्षात घेऊनही त्रिकोणामागचा १३५ चा आकडा या पिलांविषयी काहीच सांगत नाही. अशाच पुराव्यांच्या आणि मुलांवरच्या निरीक्षणांच्या आधारे युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरिफॉसचा वापर थांबवला. गरोदर बाई पऱ्हाटीत निंदायला जाते किंवा फवारणीचे कपडे घरातल्याच बादलीत धुतले जातात, तेव्हा प्रश्न त्या पिलांसारख्या वयाचा असतो.

उंदीर प्रत्येक बाबतीत माणसाचा विश्वासू प्रतिनिधी नाही, आणि इथे चूक अनेक वाटांनी होते. उंदराच्या रक्तात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचे एन्झाईम भरपूर असते. ते ऑर्गॅनोफॉस्फेटला स्वतःवर झेलून मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. माणसाच्या रक्तद्रवात ते नसते. म्हणजे उंदरावरून काढलेली ‘सुरक्षित’ मात्रा माणसासाठी जास्त ठरू शकते. काही ऑर्गॅनोफॉस्फेट पदार्थांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जाते. १९३० मध्ये अमेरिकेत भेसळयुक्त आल्याच्या अर्कामुळे हजारो लोक असे पंगू झाले, परंतु उंदरात हा विकार सहजी दिसत नाही, त्यामुळे त्याची तपासणी कोंबडीवर करावी लागते. एमपीटीपी या पदार्थाने माणसाच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी मरून पार्किन्सनसारखा (कंपवाताचा) विकार होतो, विशिष्ट जातीच्या माऊसमध्येही त्याच पेशी मरतात, आणि मोठा उंदीर मात्र जवळजवळ तसाच राहतो. एकाच प्राण्यावरच्या निकालाने समाधान मानणे किती धोक्याचे आहे, हे याहून स्पष्ट कसे दाखवावे?

कार्बॉक्सिलएस्टरेजची गोष्ट पंपात दोन औषधे एकत्र करण्याच्या सवयीलाही लागू पडते. शरीरात पायरेथ्रॉइडची विल्हेवाट लावण्यात याच एन्झाईमचा मोठा वाटा असतो. प्रोफेनोफॉस त्याला निकामी करते, म्हणून सोबतचे सायपरमेथ्रिन शरीरात अधिक काळ टिकते. कृंतकांवरच्या, म्हणजे उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवरच्या, प्रयोगांत अशा जोड्यांची विषारकता दोन्ही औषधांच्या वेगवेगळ्या विषारकतेवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा जास्त भरली आहे. कपाशीवर ही जोडी तयार मिश्रण म्हणूनही मिळते. प्रत्येक बाटलीवरचा त्रिकोण फक्त त्या बाटलीचा असतो, पंपात शेतकऱ्याने स्वतः कालवलेल्या मिश्रणासाठी त्रिकोण कोणीही छापलेला नसतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, ही घटना मराठवाड्यातल्या कपाशी उत्पादकांना परकी नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाबतीत लक्षणांची वाट न पाहता ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाईमच मोजणे, हा मार्ग उपलब्ध आहे. मेंदूतले एन्झाईम मोजता येत नाही, पण तेच एन्झाईम तांबड्या रक्तपेशींवर असते आणि त्याच्याशी साम्य असलेले दुसरे रक्तद्रवात असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून ही औषधे हाताळणाऱ्या कामगारांची अशी तपासणी होते. पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली आली तर कामाची पद्धत तपासतात, आणि तांबड्या पेशींतली पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर घसरली तर त्या माणसाला फवारणीच्या कामावरून काढून दुसरे काम देतात, पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत. यात ‘मूळची’ हा शब्द कळीचा आहे, कारण दोन निरोगी माणसांच्या पातळीतही इतका फरक असतो की एकाची घसरलेली पातळी दुसऱ्याची नेहमीची असू शकते. त्यामुळे पहिले रक्त पंप पाठीवर घेण्याआधी, म्हणजे आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला, तपासलेले असले तरच हंगामातल्या आकड्याला अर्थ येतो.